लेव्हल तीन

हातात लाकडी तलवार.
वेशीवर तोच म्हातारा,
डोक्यावर तेच पिवळं उद्गारचिन्ह:
"वीरा, दहा उंदीर मारून आण."
मारले.
"आता वीस."

ड्रॅगन पोस्टरवर होता, भो.
त्याच्यासाठी तर यावलच्या टॉवरखाली बसून
दीड दिवस डाउनलोड केलं.

वरून एकजण पंखवाल्या घोड्यावर जातो,
खाली बघतही नाही.
माझं नाव हिरव्या अक्षरांत: सातपुड्या०७.
उंदीर चावतो
आणि सातपुड्या मरतो.

दिवसा निंबा मिस्तरीकडे, मोटार रिवाइंडिंगला.
आठ महिने झाले, जळालेली तार उपसतोय.
नवी भरायला हात लावू देत नाही.
"पहिले जुनं काढायला शिक," म्हणतो
आणि चहा सांगायला पाठवतो.
त्याच्याही टोपीवर मला
कधीकधी ते पिवळं चिन्ह दिसतं.

रात्रीचे साडेअकरा. अठरावा उंदीर.
एकोणिसावा गवतात शिरला, निघेना.
इकडे एक खराच
केळीच्या खोक्यांत कुरतडतोय,
त्याचे कोणी पॉइंट देत नाही.

लाइट गेली. मागोमाग टॉवर.
अठरा धरले की नाही धरले,
म्हातारा सांगेल उद्या.