वरच्या वावरातली माती

जेसिलानं तीन काठ्या बांधल्या,
मधोमध दोरी, दोरीला दगड.
हा तिचा ओळंबा.
भिंत नव्हती बांधायची तिला.
डोंगराला विचारायचं होतं,
कुठं कुठं तू एका उंचीचा आहेस?

दगड थरथरला, थांबला.
तिथं खुंटी.
चार पावलं, पुन्हा दगड, पुन्हा खुंटी.
दिवस कलेपर्यंत उतारावर
एक रेघ उमटली
गाभण शेळीच्या पोटासारखी.
त्या रेघेवर तिनं वाळा लावला.

वाळा इथं सगळेच लावतात
आणि वर्ष भरायच्या आत मुळांसकट उपटतात.
ट्रक येतो, वजनकाटा येतो,
मग कुठल्याशा थंड शहरात
कुणाच्या तरी मानेवर
हैतीचा डोंगर दरवळतो.
इकडे खाली समुद्र गढूळ.

"हा उपटायचा नाही," जेसिला म्हणाली.
पोराच्या शाळेची फी आली
तेव्हा दहा पावलं उपटलाच.
खोटं कशाला बोलू,
ट्रकवर भारा मीच चढवला.
बाकीचा राहिला.

सप्टेंबरात वादळ.
तीन रात्री पत्रे ओरडत होते.
चौथ्या सकाळी वरून ऑरेलूस उतरला,
डोक्यावर रिकामी पाटी.
"माझी माती दे."

आम्ही हसलो.
पण त्याचं खरं होतं.
वर त्याचं वावर चाटलेल्या ताटासारखं,
आणि इथं वाळ्यामागे
गुडघाभर काळी माती अडलेली,
तीत त्याच्याच तुरीची दोन रोपं
अजून उभी.
उपटलेल्या दहा पावलांतून मात्र
जेसिलाचा घेवडा गेला होता, मातीसकट.
तो तिनं कुणाकडे मागावा?
समुद्राकडे?

ती भांडली नाही. फावडं दिलं.
ऑरेलूसनं पाटी भरली, चढला, उतरला,
भरली, चढला, उतरला.
तिसरी भरली आणि तिच्याशेजारी बसला.

"किती राहिल्या?" तिनं विचारलं.
त्यानं मान वर करून पाहिलं.
हिशेब काही आला नाही.

तेव्हा तिनं वाळ्याचा एक ठोंब फोडला,
अर्धा त्याच्या पाटीत ठेवला.
"शनिवारी पहाटे शंख फुंक.
इर्जिकीला सगळे येऊ.
जेवण तुझ्याकडे.
काठ्या आहेत माझ्या,
दोरी तेवढी कुजलीय,
नवी आण."