माणसं पाच

पवनचक्कीवाले काम आटोपून गेले,
साइट ऑफिसचा कंटेनर माडग्याळच्या माळावर तसाच राहिला.
आम्ही तो वजनावर घेतला, भंगार घ्यावं तसा,
आणि राहायला लागलो.
चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद,
बाजूला कुठल्याशा बंदराची अक्षरं,
गंजानं अर्धी खाल्लेली.

चैत्रात देव्हाऱ्यातली मेणबत्ती
सकाळी उभी होती, संध्याकाळी आडवी सापडली.
दिवस कलला की पत्रा कडाकडा
आमच्या नावानं बोटं मोडायचा.

पौषात दुसरंच.
पहाटे छतातून थेंब. उशीवर. धाकट्याच्या वहीवर.
विरुपाक्ष म्हणाला, वेल्डिंग सुटलंय.
शिडी लावून डांबर फासून आला.
दुसऱ्या पहाटे पुन्हा थेंब,
आणि आभाळात ढगाची चिंधीही नाही.

तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात
अकरा वर्षं मी तासातासाचे आकडे लिहिलेत.
हे पाणी कुणाचं, मला ठाऊक होतं.
म्हटलं, आभाळाचं नाही, आपलंच आहे.
रात्रभर चौघं श्वास सोडतो,
गार लोखंडाला लागून तो माघारी येतो.
विरुपाक्ष बराच वेळ
ओल्या तळहाताकडे बघत राहिला.

पफची पॅनेलं सांगलीहून आणायची
तर तेवढ्यात आणखी एक कंटेनर आला असता.

पलीकडच्या वाघरात दरेप्पा कातरणीला बसला होता.
लोकर वाऱ्यावर, बोराटीच्या काट्यांवर.
‘राठ हाय वैनी. घोंगड्याला बी कुणी इचारत न्हाई आता.
न्या की. तेवढीच माझी जागा मोकळी हुईल.’
अडतीस पोती नेली.
रिठ्यात धुतली, लिंबाच्या पाल्यात बुडवली,
बोरिक पावडर चोळली कसरीसाठी,
आणि त्याच तापलेल्या छतावर वाळत घातली.
त्या छताचा तेवढाच एक उपकार.

आधी बाभळीच्या पट्ट्या उभ्या केल्या.
मग लोकर. पिंजून, हलक्या हातानं.
दाबायची नाही. दाबली की संपली.
ऊब लोकरीत नसतेच,
तिच्यात अडकलेल्या हवेत असते,
हे विरुपाक्षला मी तीनदा सांगितलं.
दरेप्पाच्या कासव्वाला एकदाही सांगावं लागलं नाही.
तिचे हात भिंतीत असे जात होते
जसे नव्या कोकराखाली जातात.
वरून फॉइल, सांध्यांना पट्टी, मग प्लायवूड.
छतावर वीतभर उंच दुसरा पत्रा,
मधली फट वाऱ्याला सोडलेली.
या वाऱ्यासाठीच तर कंपनी आली होती.

मी पुन्हा वही घातली.
वैशाख, दुपारी तीन: बाहेर एक्केचाळीस, आत एकतीस.
पत्रा बोटं मोडतो अजून, पण लांबून,
शेजारणीसारखा.

आषाढात हवा दमट झाली
तसा घराला मेंढरांचा वास सुटला.
पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत.
दरेप्पाचं कुत्रं आलं,
पश्चिमेच्या भिंतीला नाक लावून चालत गेलं या टोकापासून त्या टोकाला,
आणि तिथंच राखणीला बसलं.

खिडकीखाली प्लायवूड हातभर कमी पडलं.
विरुपाक्ष जतहून तुकडा आणणार होता,
मी म्हटलं, राहू दे.
तेवढंच लोखंड उघडं आहे.
पौषात सगळा ओलावा तिथं येऊन जमतो,
खाली ताटली ठेवते.
थोरली त्यावर बोटानं उजळणी करते,
साडेआठला ऊन येऊन पुसून टाकतं.

परवा कासव्वाची अंबिका
बारावीच्या अभ्यासाला रात्री इथं राहिली.
तिकडं पालात कंदिलाला वारा लागतो.
सकाळी तो उघडा चौकोन
नेहमीपेक्षा खालपर्यंत ओला होता.
वहीत लिहिलं:
बाहेर अकरा. आत एकोणीस.
माणसं पाच.