कारण

नारीनच्या वरच्या अंगाला, शेवटच्या शाळेत
नऊ जुने संगणक. कोळशाच्या शेगडीपासून लांब मांडले.
निळी तार भिंतीच्या कडेनं नेली,
तिच्या पोटातले आठ रंगीत धागे
सुन्न बोटांनी ओळीत विंचरले.
दहा वेळा चुकलं.
अकराव्यांदा हिरवा दिवा.

मग दारं लावून घेतली.
मुख्याध्यापक सूयुनबाय म्हणाले,
"शब्दकोश, गणित, हवामान. बाकीला कुलूप."
खरंच होतं ते, महिन्याचं इंटरनेट
घोटाघोटानं पुरवायचं.

मुलं आपसांत चित्रं धाडू लागली,
या बाकावरचा घोडा त्या बाकावर,
खिंड न ओलांडता.
ऐझिरेक मात्र रोज
एकच पत्ता टाइप करायची,
आणि रोज माझीच पाटी तिच्या तोंडावर:
परवानगी नाही.

सर्व्हरच्या नोंदीत सतरा वेळा तो पत्ता.
व्हिडिओ कॉलचा.
तिची आई याकुत्स्कला, परक्यांच्या भिंती रंगवते.

रात्री शेगडी विझल्यावर
नियमांत एक ओळ वाढवली:
शनिवार, साडेचार ते पाच, चालू.
कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
लिहिलं,
भूगोल.