पाणथरी

जाकार्ताहून डॉक्टरीणबाई आल्या,
खांबांवरच्या आमच्या घरात यंत्र मांडून बसल्या.
आधी दादाच्या, मग माझ्या बरगडीखाली
गार जेल.
म्हणाल्या, दोघांचीही पाणथरी सारखीच मोठी,
पणज्याकडून आलेली.

लामानेदादा वीस वाव खाली जातो,
समुद्रकाकड्या घेऊन हसत वर येतो.
मी केंदारीत मोबाइलचं रिचार्ज विकतो.
सातव्या वर्षी मावशीनं नेलं.
तिच्याकडे पाणी नळाला यायचं,
तेही दिवसाआड.

पण गिऱ्हाईक अंगावर ओरडतं
तेव्हा मी श्वास धरून
खाली, खूप खाली
तळाला हात टेकून थांबतो.
घड्याळ लावून पाहिलंय :
तीन मिनिटं, वर काही सेकंद.

दादाला हे सांगितलं नाही.
तो चिडला की
बोलून मोकळा होतो.