बत्तिसावी

बस सुटण्याआधी मी माणसं मोजतो.
नावं नंतर पाठ होतात, आधी डोकी.
सॅन डिएगोत आमची बत्तीस होती:
सांगलीची अकरा, नाशिकची नऊ, बाकी किरकोळ,
आणि चारशे सहा नंबरच्या खोलीत शालन खवणेकर,
कुडाळच्या पतपेढीतून निवृत्त, एकट्या.
आठ दिवसांत माझ्याशी एकच वाक्य बोलल्या:
"खिडकीची जागा असली तर बघा."

सकाळी विमानवाहू जहाज, आता संग्रहालय झालेलं.
मी सांगतो लांबी इतकी, माणसं तितकी,
आणि गंधेकाका विचारतात, भंगारात किती निघेल?
तेहतीस वर्षं लोखंडात काढलेली. प्रश्न रास्त.
दुपारी ला होयाला सील बघायला.
खडकांवर आडवे, पंगत उठल्यावर
कार्यालयाच्या सतरंजीवर पडतात तसे व्याही.
वास असा की पोरांनी नाकं दाबली.
खवणेकर बाईंनी खोल श्वास घेतला.
तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग खरेदी.
मॉल थेट सरहद्दीला टेकलेला.
बुटांच्या दुकानातून बाहेर पडलं की समोर कुंपण,
गंजाच्या रंगाचं, उंच,
आणि पलीकडे, दुसऱ्या देशाच्या टेकडीवर,
कुणाची तरी दोरीवर वाळणारी चादर.
आमची मंडळी डॉलरला रुपयांनी गुणत होती,
"लक्ष्मी रोडला निम्म्यात मिळतं" म्हणत घेत होती.
सात जोड बूट. दोन सुनांना दोन पर्स,
रंग वेगळे, किंमत पैशापैशाला सारखी.
आणि हे सगळं भरायला एक नवी बॅग.
खवणेकर बाई बाकावर बसून होत्या.
चादर वाळेपर्यंत.

रात्री गॅसलॅम्प.
पत्रकात मीच लिहिलंय: 'शहराची रंगीत रात्र'.
गच्च्यांवरून ढोल कोसळत होते,
दिव्यांनी मढलेल्या सायकलरिक्षा,
उंच टाचांच्या चपला हातात घेऊन
अनवाणी हसत जाणाऱ्या मुली.
एका दारावर धिप्पाड माणसानं
एकाहत्तर वर्षांच्या गंधेकाकांकडे वयाचा पुरावा मागितला.
काकांनी पासपोर्ट असा काढला
जसा काही विवाहमंडळाचा फोटो.

नऊ चाळीसला मोजलं. एकतीस.
पुन्हा मोजलं, उलट्या बाजूनं.
एकतीस.

फोन बंद. पोटात गोळा.
मी धावलो, का कोण जाणे, उताराकडे,
ट्रॉलीचे रूळ ओलांडून, होड्यांच्या डोलकाठ्यांकडे,
आवाज मागे पडत गेला आणि पाणी ऐकू येऊ लागलं.
धक्क्याच्या टोकाला चार दिवे, पाच-सहा गळ,
रोमेल नावाचा फिलिपिनो, घडीची खुर्ची,
खुर्चीत आमच्या बाई.
पदर खोचलेला. हातात दोरी,
दोरीला सहा आकडे, सहांपैकी चारांवर
हिरवट पट्ट्यांची चांदी थडथडत होती.

मी रागवायला तोंड उघडलं.
"बांगडो!" त्या म्हणाल्या.
"हंय बांगडो गावता, ह्यां माका कोणी सांगूक नाय."
जहाज दाखवलंस, बूट दाखवलेस, म्हणाल्या,
सील दाखवलेस, पण ते खातात काय
ते नाही सांगितलंस.
मग बादली माझ्याकडे सरकवली:
"मोज. तुका मोजूची सवय आसा."

मी खरंच मोजले. एकोणीस.
रोमेलनं मान हलवली, वीस,
एक मघाशी बाईंनी परत सोडला होता.
लहान होता म्हणे.

परतताना बसमध्ये बत्तीस.
कुणी काही बोललं नाही, फक्त गंधेकाकूंनी
नव्या पर्सचा वास घेतला आणि मग खिडकीचा.
खिडकीत बाई झोपल्या होत्या,
करंगळीवर एक खवला, पुढून येणाऱ्या
प्रत्येक गाडीच्या उजेडात चमकणारा.

पुढच्या हंगामाचं पत्रक छापून झालं.
धक्का त्यात मी घातलेला नाही.
कुणी खिडकीची जागा मागितली,
तर हळूच सांगतो.