उम्मुहानची वही

झोंगुल्दाकला, खाणीच्या वरच्या अंगाला,
उम्मुहान बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली.
पहिलं वाक्य: काल तो रात्रभर खोकला.
दुसरं लिहिलंच नाही. दिवा मालवला
आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली.

मग रोज. तारीख, खोकला, रुमालावरचा काळा डाग.
तो गेला त्या पानावर
नुसता चहाच्या पेल्याचा गोल ठसा.

शेजारीण म्हणाली, माझ्या नवऱ्याचंही लिही गं.
मग तिची जाऊ. मग खालच्या आळीतल्या चौघी;
एक तर बसून नुसती पेन्सिलीला टोक काढायची.

कचेरीत साहेबानं विचारलं, पुरावा काय?
उम्मुहाननं वही पुढे सरकवली.
त्यानं पान उलटलं. अजून एक.
बोटाला काळं लागलं, पुसलं, पुन्हा लागलं.

वाचून झाली की परत द्या, ती म्हणाली,
मागची पानं कोरी आहेत अजून.