भरिताच्या जेवणाआधी, हेमांगीला

वांगी बामणोदचीच घे.
ढिगात सगळी सारखी दिसतात, हातात धरून बघ:
मोठं असून हलकं लागलं तर बी कमी.
जड निघालं तर हसून परत ठेव,
विकणारीला कळतं.

माणसं चाळीस म्हणालीस. साठांचं कर.
आपल्याकडे कुणी एकटं जेवायला येत नाही,
त्याचा मेव्हणा येतो, आणि मेव्हण्याला सोडायला आलेला रिक्षावाला
हँडल धरून फाटकातच उभा राहतो.
त्याचंही पान मांड. आधी रिक्षा बंद कर म्हणावं.

पऱ्हाट्या कोरड्या हव्यात.
गॅसवर भाजलेलं मला चाखायलाही आणू नकोस.
प्रत्येक वांग्याला सुरीचं टोक लाव, नाहीतर फुटतं.
तुझ्या बाबांच्या लग्नातल्या शर्टावर फुटलं होतं,
त्या शर्टाने अजून ट्रॅक्टर पुसतो.
बडगीत मिरची-लसूण आधी, कांद्याची पात शेवटी,
तेलाला हात आखडू नकोस.

कळण्याच्या पुऱ्या द्वारकाबाईंना सांग.
सांग म्हणजे लाटायला नव्हे नुसतं,
जेवायला. पहिल्या पंगतीला.
हे मी बावीस वर्षं चुकले.
त्या चुलीपुढे घामाघूम,
उरलंसुरलं डब्यात घेऊन घरी जायच्या
आणि मी म्हणत राहिले, किती गुणाची बाई.

रुबाब तडवीला घरी जाऊन बोलाव, फोनवर नको.
मे महिन्यात रात्री दोन वाजता डीपीवर चढला होता,
अख्खा बाग त्याच्या एका फ्यूजवर जगला.
तो म्हणेल, ड्यूटीच होती ताई.
वाद घालू नकोस. किती वाजता येतो ते विचार.

सुपडू मुकादमाच्या टोळीतली पोरं
शर्टावरचे चिकाचे डाग झाकत कोपरा धरतात.
त्यांना मधे बसव.

आणि सावद्याला तू पाहुणी म्हणून जाशील तेव्हा:
पहिल्या वाढीला नाही म्हणायचं नाही,
तिसरीला हो म्हणायचं नाही,
दुसरीचं पोटाला विचार.
मीठ कमी वाटलं तर मीठ मागू नकोस,
ठेचा माग.

लोटूभाऊंचं राहिलं.

बांधासाठी कोर्टात गेलो आपण,
लिंबोणीपासून अडीच हात, इकडे की तिकडे.
दोन्हीकडचे वकील वारले, तारखा चालू आहेत.
आपली बोअर आटली त्या उन्हाळ्यात
अकरा दिवस सकाळी हौद भरलेला असायचा.
कुणी भरला, कुणी विचारलं नाही.
त्यांच्या बाजूच्या पाइपाचं तोंड ओलं होतं,
बाबा बघून आले, चहा न पिता बसून राहिले,
आणि त्याच हिवाळ्यात चंपाषष्ठी झाल्यावर म्हणाले,
लोकांना भरीत घालू या.

लोकांना म्हणजे त्यांना, हेमे.
बाकी सगळे त्यांच्या निमित्ताने जेवतात.

ते येतील. सगळ्यात शेवटी,
फाटकाकडे तोंड करून बसतील,
बाबांकडे बघणार नाहीत, बाबाही नाहीत.
आभाराचा शब्द काढू नकोस,
पानावरून उठून जातील.
फक्त म्हण, काका, अजून थोडं.
ते हात आडवा धरतील.
बोटांच्या फटीतून वाढ.

जाताना डबा दे, झाकण घट्ट लावून.
पुढच्या बुधवारी यावलच्या कोर्टात तारीख आहे,
तिथे बाकावरून न बोलता सरकवतात ते, घासलेला.
घरी येऊन उघड.
पाच लिंबं असतात आत,
त्याच झाडाची.